जांभळापासून देवराईपर्यंत

एका जंगलात एक शेकरूबाई राहत असे. थांबा, चुकलंच माझं. जंगल उरलं होतं कुठे? लाकूडतोडे आले, महिनाभर करवती करकरल्या, ओंडके ओढून ओढून ट्रकांत भरले आणि गेले निघून. मागे राहिलं एकुलतं एक जांभळाचं झाड. तेही कोणाला दया आली म्हणून नाही हं. आतून पोकळ होतं, फळ्या निघाल्या नसत्या, म्हणून वाचलं. तर एका जांभळावर एक शेकरूबाई राहत असे, असं म्हणू या.

शेकरू म्हणजे आपल्या खारीची थोरली बहीण. तांबूस अंग, अंगाहून लांब झुपकेदार शेपूट, आणि तोरा तर विचारूच नका. ती जन्मभर या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारत हिंडणार. जमिनीला पाय लावणं तिला कमीपणाचं वाटतं, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटते, कारण जमिनीवर तिची चाल अगदीच गबाळी. वर मोरघार टपलेली, खाली कोळसुंदे, म्हणजे रानकुत्री, फिरत असलेली.

आता हिचं दुःख काय, ते ऐका. झाडं तुटायच्या आधीच्याच वर्षी तिची एकुलती लेक समोरच्या देवराईत घर थाटायला गेली होती. राई देवाची, तिथे कुऱ्हाड लावायची कोणाची छाती झाली नाही. पण राई आणि जांभूळ यांच्यामध्ये अर्धा कोस उघडं रान पडलं. नुसते बुंधे, धूळ आणि ट्रकचा रस्ता. रोज सकाळी लेक पलीकडून विचारायची, आई बरी आहेस ना, आणि शेकरूबाई इकडून ओरडायची, मला काय धाड भरलीय! मग तोंड फिरवून रडायची. पोकळ जांभूळ असं किती दिवस उभं राहणार? ते कोसळायच्या आत मधलं रान वाढलं, तरच माय लेकीला भेटणार होती. नाहीतर ही दुरून मारलेली हाकसुद्धा बंद.

शेकरूबाई रडत बसणाऱ्यातली नव्हती. तिने कंबर कसली. जांभळाच्या बिया खाली टाकल्या, पाखरांकडून आंब्याच्या, हिरड्याच्या, बेहड्याच्या बिया मागवून टाकल्या. आणि मग झाडावर बसल्या बसल्या तिने हुकूम सोडायला सुरुवात केली. वरून बघणाऱ्याला सगळं कसं स्पष्ट दिसतं, असं तिला वाटायचं. करवंदीच्या काटेरी जाळ्या दिसल्या, की ती वानरांना सांगे, उपटा ते गचपण, माझ्या रोपांना मोकळी हवा हवी. पडक्या फांद्यांना वाळवी लागलेली दिसली, की म्हणे, घाण आहे ती, लोटून द्या ओढ्यात. वानरांना काय, उपटायचं आणि फेकायचं काम मिळालं म्हणजे सणच. दोन महिन्यांत जांभळापासून राईपर्यंतचा सगळा उतार सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ झाला.

सगळ्यात जास्त राग होता तिचा एका रानडुकरावर. ते बिचारं दिवसभर नाकाने माती उकरत हिंडायचं आणि अळ्या, कंद काय मिळेल ते मटकवायचं. शेकरूबाईला वाटलं, हे मेलं माझ्या बिया खातंय. मग काय, वानरांनी दगड मारमारून त्याला जांभळामागच्या घळीत पिटाळलं. जाताना ते एवढंच म्हणालं, "बाई, मी उकरतो म्हणून माती श्वास घेते." शेकरूबाईने शेपटी उडवली आणि दुसरीकडे बघितलं.

पहिल्या वर्षी रोपं आली आणि वाळली. दुसऱ्या वर्षी थोडी अधिक आली, ती सांबरांनी चघळून टाकली. पावसाचं पाणी दगडासारख्या घट्ट जमिनीवरून बियांसकट वाहून गेलं. तुटलेल्या बुंध्यांना कोवळे फुटवे यायचे, पण आडोसाच नाही, तेव्हा ज्याला भूक लागेल तो येऊन ओरबाडून जायचा. उन्हाळ्यात बघावं तर पहिले पाढे पंचावन्न. आणि जांभूळ? जांभूळ एका अंगाला कलायला लागलं होतं.

तिसऱ्या वर्षी एक दिवस काय झालं, की जांभळापासून दहा उड्यांवर वाचलेलं शेवटचं रोप एका सांबराने तोंडात धरलं. शेकरूबाईचं टाळकंच फिरलं. तोरा विसरली, भीती विसरली, सरसर खाली उतरली आणि त्या धिप्पाड सांबराच्या अंगावर धावून गेली. सांबर दचकून पळालं खरं, पण रोप तोंडात घेऊनच. आणि उघड्या रानात एकटी उभी शेकरूबाई! वरून मोरघारीने पंख मिटले आणि झेप घेतली.

मुलांनो, ती कशी पळाली म्हणून सांगू! घाबरून झाडावर चढायचंही सुचलं नाही, जांभूळ मागे राहिलं, समोर घळ. घळीत एक, वानरांना कंटाळा आला म्हणून उपटायची राहून गेलेली करवंदीची जाळी. शेकरूबाईने डोळे मिटून स्वतःला त्या काट्यांत झोकून दिलं. मोरघारीची नखं शेपटीचे चार केस घेऊन गेली, पण काट्यांत शिरायची काही तिची हिंमत झाली नाही.

जिवात जीव आल्यावर शेकरूबाईने डोळे उघडले आणि ते उघडेच राहिले. जाळीच्या आत गारवा होता. माती काळीभोर, ओलसर, पाय ठेवला की रुतेल अशी. एका ऐनाच्या बुंध्याला दहा फुटवे फुटून ते काट्यांतून वर डोकावत होते. शेजारी आंब्याचं रोप, पलीकडे हिरडा, त्यापलीकडे बेहडा, सगळी टुमटुमीत. आणि मधोमध, चिखलात लोळत, रानडुक्कर घोरत होतं.

तिने त्याला हलवून जागं केलं आणि विचारलं, "हे सगळं लावलं कोणी?"

"लावलं कोणीच नाही, बाई," डुक्कर डोळे चोळत म्हणालं. "बुलबुल करवंदं खायला येतो, दुसरीकडची बी इथे शिटून जातो. वटवाघळं आंबे, बेहडे आणून खातात, बिया इथेच टाकतात. गवा शेण टाकतो, शेणकिडे ते मातीत पुरतात. वाळवी पडकं लाकूड खाते, त्याची माती होते. मी अळ्या हुडकत ती उकरतो. काट्यांमुळे सांबराचं तोंड आत पोचत नाही. आम्ही आपलं पोट भरत होतो. तुम्ही वरून बघत होता ना, तुम्हाला नुसते काटे दिसले."

शेकरूबाईचा चेहरा खर्रकन उतरला. दोन वर्षं! लेकीची वाट आपणच उपटून ओढ्यात फेकत होतो, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. पण तिचा एक गुण मला फार आवडतो. चूक कळल्यावर तिने एक क्षणही कारणं सांगण्यात घालवला नाही.

"चुकले रे दादा," ती म्हणाली. "परत ये. तुझ्यावाचून हे रान व्हायचं नाही."

डुक्कर भोळं. लगेच उठून चालायला लागलं.

आणि मग त्या उतारावर जी धमाल उडाली, ती काय वर्णावी! मोरघार कंटाळून गेल्यावर शेकरूबाई जांभळावर परतली आणि तिने पहिल्यांदा हुकूम न सोडता एकेकाला नुसतं विचारलं, बाबा रे, तुला काय येतं? वानरं म्हणाली, आम्हाला फेकता येतं. मग त्यांनी पडक्या फांद्या ओढ्यातून परत आणून उतारावर आडव्या टाकल्या, त्यांना पाणी अडलं आणि वाळवीची पंगत बसली. बुलबुलांनी करवंदीच्या बिया जिकडे तिकडे पेरल्या, आणि आता काट्यांना कोणी हातही लावेना. गव्यांचा कळप घळीतून वळवून उतारावर आणला, तो शेणाचे पो टाकत चालला आणि मागून शेणकिडे. ससा म्हणाला, चांदोबाचं मला सगळं कळतं, तो माझ्या घरचाच आहे. बी पेरायची ती चंद्र वाढताना, छाटायचं ते चंद्र उतरताना. खरं-खोटं चांदोबा जाणे, पण सशाच्या सांगण्यामुळे कोणती कामं कधी करायची ते ठरून गेलं आणि सगळे वेळेवर हजर राहू लागले, हे मात्र खरं.

आणि शेकरूबाईला काय येत होतं? तिला दात होते. एका बुंध्याला दहा फुटवे आले, तर दहाही किडकिडीतच राहतात. तिने प्रत्येक बुंध्यावर दोन जोरदार फुटवे राखले, बाकीचे कुरतडून खाली टाकले, त्यांचंही खत झालं. जुन्या मुळांचा सगळा जोर दोनांत आला. काय वाढले म्हणता ते! ऐन वाढला, किंजळ वाढला, कुंभा वाढला. चौथ्या वर्षी उतारावरच्या नव्या जाळीतून वर आलेला ऐन जांभळाच्या फांदीला टेकला आणि शेकरूबाई उडी मारून नव्या झाडावर गेली, तेव्हा ती तिथे खुळ्यासारखी नाचली. पाचव्या वर्षी पंधरा झाडं. सहाव्या वर्षी तिला मोजताच येईना. रोज एखादी उडी पुढे आणि रोज लेकीचा आवाज थोडा जवळ.

एकच जागा अडली, ट्रकचा रस्ता. चाकांनी आणि ओंडक्यांनी जमीन इतकी दाबली होती, की डुकराचं नाक सोलवटलं तरी माती हलेना. रस्त्याच्या अलीकडे शेवटचा किंजळ, पलीकडे देवराई, आणि मधलं अंतर कोणत्याही शेकरूच्या उडीपेक्षा मोठं. डुक्कर हट्टी. ते रोज एक वीत जागा उकरायचं, त्यात गव्याचं शेण पडायचं. शेवटी लेकीने राईतून पांगाऱ्याची एक ओली फांदी तोडून त्या भुसभुशीत खड्ड्यात टाकली. पांगारा तसा गुणी, फांदी रोवली की रुजते. रुजला, आणि दोन वर्षांत सरळसोट वर निघाला. पण होता बोटभर जाड.

त्या वैशाखात वळवाचं वादळ आलं. जांभूळ मुळापासून करकरलं. शेकरूबाई आपल्या घरट्यातच होती. खालून डुक्कर जिवाच्या आकांताने ओरडलं, "बाई, निघा! झाड चाललं!"

ती निघाली. जांभळावरून ऐनावर, तेवढ्यात मागे जांभूळ कोसळल्याचा आवाज आला. ऐनावरून कुंभ्यावर, कुंभ्यावरून हिरड्यावर, फांद्या वाऱ्याने इकडच्या तिकडे होतायत, आणि ही पळतेय. प्रत्येक झाडाची फांदी न फांदी तिच्या दातांच्या ओळखीची होती. शेवटच्या किंजळावर येऊन ती थबकली. समोर तो किडकिडीत पांगारा वाऱ्यात लवतोय, उभा राहतोय. पलीकडे लेक श्वास रोखून बसलेली. शेकरूबाईने वाट बघितली, पांगारा तिच्याकडे लवला, आणि तिने उडी टाकली. पांगाऱ्याचा शेंडा हातात आला, तिच्या वजनाने तो पार जमिनीकडे वाकला, वाकला, आणि मुळं माती धरून राहिली. वारा फिरला तसा तो उसळून उभा राहिला, आणि त्याच्या उसळीसरशी शेकरूबाई देवराईत, थेट लेकीच्या अंगावर.

मग काय! रडणं झालं, हसणं झालं, नातवंडांनी आजीची शेपटी ओढून झाली. लेकीने पिकली उंबरं पुढे ठेवली आणि म्हणाली, "आई, आता इथेच राहायचं. या राईत तुला काही कमी नाही."

शेकरूबाई त्या रात्री गाढ झोपली. सकाळी उठली, दोन उंबरं खाल्ली आणि निघाली. लेकीला कळेचना. इतकी वर्षं जिच्यासाठी जीव टाकला ती आई, आल्या पावली परत?

"अगं, पडलेल्या जांभळाच्या बुंध्याला आता फुटवे येतील," शेकरूबाई म्हणाली. "दोन राखायचे, बाकीचे काढायचे. ते मला बघायला हवं. आणि आता वाट आहे की. पोरांना घेऊन तूच ये माहेरी."

एवढं बोलून तिने पांगाऱ्यावर उडी घेतली. नातवंडं तिच्या मागोमाग गेलीसुद्धा.

तात्पर्य : तुटलेलं रान नुसत्या बिया टाकून परत येत नाही, आपण घाण, काटे आणि उपद्रवी म्हणून ज्यांना हाकलून दिलं, त्यांना आधी मानाने बोलावून आणावं लागतं, आणि रान उभं राहिल्यावरही त्याची देखभाल सोडायची नसते.