फडताळावरचे तीन वाडगे

एकदा काय झालं माहितेय, एका नदीचं मन आपल्या पात्रावरून उडालं. उठली आणि शिरली थेट गावात. घरं गेली, गोठे गेले, देवळाचा कळस तेवढा पाण्यावर दिसायचा. शर्वी, पाय आधी पांघरुणात घे. मग पुढं सांगते.

त्या गावात होती सगुणा. नवरा पुरात गेलेला. कडेवर लेक, बकुळ नावाची, अजून बोलायलासुद्धा न लागलेली. गावातली माणसं वाट फुटेल तिकडं पांगली. सगुणा एकटी काठावर बसून राहिली. मग पाण्यातून एक कासव वर आलं. बैलगाडीएवढं होतं, बरं का. म्हणालं, "बस पाठीवर. समुद्रापलीकडच्या राजानं ओस घरं उघडून दिलीत, तुझ्यासारख्यांसाठी."

मग निघाली. किती दिवस लागले ते मला विचारू नका, मी काही मोजायला गेले नव्हते. पलीकडच्या किनाऱ्यावर उतरवताना कासव म्हणालं, "एक ध्यानात ठेव, पोरी. या मुलखाची हवा निराळी. इथं आपल्या आवाजाला कुणीतरी ओ द्यावी लागते. ओ मिळाली नाही की आवाज आटत जातो. पार आटला तर परत येत नाही. मग या लेकराला बोलणं कोण शिकवणार?" एवढं सांगून ते पाण्यात गेलं.

सगुणेला एक लहानसं घर मिळालं. बाहेर बर्फ, आत गारठा. समोर एक मोठं घर होतं, त्याच्या धुराड्यातून सारखा धूर निघायचा. माणसं आत जायची, हसत बाहेर यायची. सगुणा खिडकीतून बघायची. तिला वाटलं, असेल कुणा सावकाराचं. बोलावल्याशिवाय कसं जायचं? मग ती बकुळशीच बोलायची, पण ते लेकरू ओ कुठून देणार?

आता तिथले शेजारी वाईट होते का? मुळीच नाही. एक दिवस दारावर टकटक झालं. उघडून बघते तर उंबऱ्यावर वाफाळतं सार, मातीच्या वाडग्यात. आणून ठेवणारी बाई केव्हाच वळली होती. नव्या माणसाच्या घरात डोकावणं तिकडं वाईट समजत. सगुणेनं हाक मारली, पण बाई तोवर कोपऱ्यावरून गेली.

सार दोघींनी प्यायलं. सगुणेनं वाडगा लख्ख घासला आणि तिथंच अडली. शेजारणीचं भांडं रिकामं कसं परत करायचं? आपण करतो का कधी? चार शेंगदाणे, नाहीतर चिमूटभर साखर तरी घालतोच. निहार, वर्तककाकूंच्या डब्यातला लाडू वाटेत कुणी खाल्ला, ते मला ठाऊक आहे. तर सगुणेच्या घरात साखरेचा कणसुद्धा नव्हता. तिनं वाडगा फडताळावर ठेवला. म्हणाली, काही मिळालं की भरून देईन.

मग दुसरा वाडगा आला. तोही फडताळावर गेला. आता तिचा आवाज गल्लीपलीकडं पोचेना. मग तिसरा आला, तोही वर ठेवला. आता आवाज खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंतसुद्धा जाईना.

त्यानंतर वाडगे यायचे थांबले. सगुणा दाराशी कान देऊन बसायची. बर्फ पडताना आवाजसुद्धा होत नाही, माहितेय? नुसतं शांत. तिला वाटलं, वाडगे परत केले नाहीत म्हणून लोक रागावले. ती फार रडायची, आणि रडण्याचाही आवाज व्हायचा नाही.

एक दिवस बकुळ रांगत रांगत चुलीकडं निघाली. निखारे लाल झालेले. सगुणा ओरडली, "बकुळ!" पण ओठ नुसते हलले. पोरीनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. सगुणेनं झडप घालून तिला उचललं. मग मात्र तिनं लाज गुंडाळून ठेवली. वाडगे पदराखाली घेतले, लेक कडेवर घेतली आणि समोरच्या घरात शिरली.

आत मोठी चूल, तिच्यावर हंडा, भोवती बायाबापड्या. सगुणेनं मान खाली घालून रिकामे वाडगे पुढं केले. सार आणणाऱ्या बाईनं ते बघितले आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

हंडा ढवळणारा म्हातारा उठला. भिवाजी त्याचं नाव, फार पूर्वी सगुणेच्याच मुलखातून आलेला. तो म्हणाला, "बाई, इथं भांडं ठेवून घेतलं की त्याचा अर्थ, पुरे, आता येऊ नका. रिकामं परत दिलं की, आवडलं, आणखी आणा. तरी ही माणसं तीनदा येऊन गेली, मग समजली, तुला आम्ही नको आहोत. हे घर कुणा एकाचं नाही, नव्या आलेल्यांचंच आहे. मला तरी कळायला हवं होतं. मी पण पहिला वाडगा असाच ठेवून घेतला होता. नाव काय तुझं?"

सगुणेनं तोंड उघडलं. नुसता श्वास बाहेर आला. भिवाजीनं त्या श्वासालाच ओ दिली. मग सार आणणाऱ्या बाईनं दिली. मग चुलीभोवतीच्या सगळ्यांनी दिली. आणि कडेवरून बारीक आवाजात आणखी एक "ओ" आली. बकुळची, तिच्या आयुष्यातली पहिली.

मग सगुणेचा आवाज हळूहळू भरत गेला. कुणी तिला गोधडी दिली, कुणी तिथली बोली शिकवली, कुणी काम कुठं मिळेल ते दाखवलं. बकुळ तर पुढं इतकी बोलायला लागली की शर्वी परवडली.

काय विचारलंस? परत गेली का ती? नाही गं. गावच पाण्याखाली, जाणार कुठं? सुखात राहिली ती तिथं. पण कधीमधी भाकरी थापता थापता हात थांबायचा, आणि गावाकडच्या माणसांची नावं ती हळूच घ्यायची, एकेक करून. त्यांना ओ द्यायला कुणी नसायचं. ती थोडा वेळ वाट बघायची. मग बकुळ म्हणायची, "आई, तवा तापला." मग ती भाकरी टाकायची.

मिटा आता डोळे. दिवा मी घालवते.