शिडाची वाकडी काठी

"मग ही फेकून देऊ ना, बाबा?"

लतीफबाबांनी काठीकडे पाहिलं. कोऱ्या चहाचा पेला त्यांच्या हातात तसाच होता.

हिराजीने काठी वाळूवर टाकली होती. होडीच्या शिडाचा तळ ज्या बांबूला बांधतात, तो हा बांबू. कालपर्यंत सरळ होता. आता मधोमध बाक आला होता.

खाडीच्या तोंडाशी बाबांचा तकिया, म्हणजे फकिराचं ठाणं; पलीकडे गाव. मधल्या पाण्यात बाबांची होडी माणसांची ने-आण करी. हिराजी एके काळी मोठ्या गलबताचा तांडेल होता. गलबत खडकावर घातलं आणि पुन्हा सुकाणू धरणार नाही म्हणून तो बाबांपाशी येऊन राहिला. गेल्या अमावास्येला बाबांनी होडीचं सुकाणू त्याच्या हाती दिलं.

काल त्याने काय केलं, ते साऱ्या खाडीला कळलं होतं.

लहान होडीत शिडाचा दोर हातातच धरायचा असतो. वाऱ्याचा झोत आला की ढिला सोडायचा. पण गावचा धक्का जवळ आला, धक्क्यावर जुने खलाशी दिसले. हिराजीने दोर खुंटीला बांधला, उभा राहिला आणि दोन्ही हातांनी मिशा पिळल्या.

झोत आला. काठी वाकली, होडी कलंडली. होडीत बसलेल्या चांगुणाबाईने मासळी कापायच्या कोयतीने दोर तोडला, म्हणून माणसं वाचली.

उतरताना ती म्हणाली, "तांडेला, मिशांना दोन हात लागत असतील, तर होडीला तिसरा आण."

सगळा धक्का हसला. हिराजी होडी वल्हवत परत आला आणि रात्री जेवला नाही.

आता त्याने बाबांना सांगून टाकलं, की बांबू नवा आणा आणि माणूसही नवा बघा. आपण संध्याकाळी निघतो.

पलीकडे कुणीतरी पांढरं फडकं हलवत होतं. होडी हवी, अशी ती खूण.

बाबा उठले. काठीपाशी बसून त्यांनी बोटांच्या पेरांनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकली. कान लावून ऐकली.

"चीर नाही."

"वाकडी आहे, बाबा."

"कुणी वाकवली?"

"वाऱ्याने."

बाबा त्याच्याकडे पाहत राहिले...

"मी," हिराजी म्हणाला.

बाबांनी काठी उचलली. जागच्या जागी अर्धा फेर फिरवली. खाली गेलेला बाक वर आला.

"अशी बांध."

"उलटी?"

"इतके दिवस वारा एका अंगाने ओढत होता. आता दुसऱ्या अंगाने ओढू दे."

हिराजीने काठी बांधली. तोवर बाबांनी तुटलेल्या दोराची दोन टोकं गाठ मारून जोडली आणि दोर त्याच्या मुठीत दिला. गाठ तळव्याला टोचत होती.

मग लुंगी खोचून ते पाण्यात उतरले आणि होडीत चढून बसले.

बाबांना पोहता येत नाही, हे हिराजीला ठाऊक होतं.

तो बराच वेळ गुडघाभर पाण्यात उभा राहिला... मग होडी ढकलून आत चढला. शीड भरलं. हात आपोआप ढिला झाला, दोर सरकला, काठी नुसती करकरली.

"बाबा, ही दुसऱ्या अंगाला वाकली तर?"

बाबा समोरच्या फडक्याकडे बघत होते.

"पुन्हा फिरवू."