म्हातारीचा दात

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत. लहानथोरांनी सांभाळून घ्यावं.

फार जुन्या काळी उत्तरेला एक भली मोठी पर्वतरांग होती. अलीकडच्या बाजूचे लोक तिला ‘बर्फाचं घर’ म्हणत. पलीकडचे व्यापारी तिलाच ‘काळे खडे’ म्हणत, कारण खिंड चढताना त्यांना पायाखालचे खडेच दिसत. शिखरांची नावंही वाटसरूंनीच ठेवली होती. एक ‘म्हातारीचा दात’, एक ‘कोरडी’, एक ‘दुपारी ढासळणारा’.

खिंडीत चौकीवर एक राखणदार एकटाच राहायचा. धुकं उतरलं की तो चौकीबाहेर उभा राहून शिखरांची नावं ओळीने हाकारायचा. खालचे वाटसरू तेच नाव घेऊन ओ द्यायचे आणि आवाजाच्या रोखाने वर यायचे. त्याच्याशी एवढंच काय ते कोणी बोलायचं. त्याची एकुलती मुलगी पलीकडे दिली होती. ‘यंदा मिठाच्या तांड्याबरोबर येते,’ असा तिचा निरोप आला होता.

त्याच सुमारास राजाचा कारभारी चौकीवर आला.

“काका, आजपासून हे विजयशिखर, ते प्रतापशिखर आणि तो पलीकडचा राजमुकुट.”

“आणि म्हातारीचा दात?”

“दात कसला! परदेशचे दूत हसतात आम्हाला.”

“हसू देत की. त्यांना कुठे इथून चालायचंय? पण धुक्यात ही नावं कोण ओळखणार, सरकार?”

“शिकतील हळूहळू. तुम्ही आपलं ओरडा. जुनं नाव तोंडातून आलं, तर चौकीवर दुसरा माणूस येईल.”

राखणदाराने मान डोलावली. चौकी गेली, तर मुलगी येऊन भेटणार कोणाला?

थोड्याच दिवसांत दाट धुकं उतरलं. खालून याकांच्या घंटा ऐकू आल्या. राखणदाराने हाक दिली, “विजयशिखर! प्रतापशिखर!”

खाली तांडा थबकला. धुक्यात सगळ्यांचे आवाज सारखेच वाटतात.

“ही आपली खिंड नव्हे,” म्होरक्या म्हणाला. “वाट चुकलो, पोरी.”

“बाबा असते तर पहिल्यांदा दाताचंच नाव घेतलं असतं,” मुलगी म्हणाली. मग म्हणाली, “का बाबा आता नाहीतच?”

तांडा मागे फिरला.

घंटा दूर जाताना राखणदाराने ऐकल्या. तो आणखी मोठ्याने राजाची नावं हाकारत राहिला. मग घंटाही ऐकू येईनाशा झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ मोकळं झालं. पातळ बर्फावर खुरांचे ठसे शेवटच्या वळणापर्यंत आले होते आणि तिथूनच परत गेले होते. बाजूला थोडं मीठ सांडलं होतं. राखणदाराने चौकीचं दार ओढून घेतलं, काठी उचलली आणि त्या ठशांमागे तो पलीकडे उतरू लागला. प्रत्येक वळणावर थांबून तो जुनी नावं हाकारी. खालून ओ आली नाही. तो उतरत राहिला.

तात्पर्य: ज्यांना त्या वाटेने चालायचं असतं, त्यांना ओळखू येईल तेच नाव खरं.