काळ्या आईचा फोटो

रानातल्या लग्नांत फोटोग्राफर बोलवायची पद्धत नुकतीच पडली होती, तेव्हाची ही गोष्ट. तळ्याकाठी बगळेसरांचा स्टुडिओ होता. त्यांच्या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरला चारशे बटणं होती आणि सर ती क्लासमध्ये पाठ म्हणून दाखवायचे. साळुंकीने त्यांचा क्लास अर्ध्यात सोडला आणि पाच बटणांच्या साध्या सॉफ्टवेअरवर स्वतःचं दुकान थाटलं.

एकदा तिच्याकडे एक रेडकू आलं. त्याची आई नुकतीच वारली होती. तिचा एकच फोटो होता, तोही अंधारलेला.

"साळुंकीताई, उद्या हार घालायचाय. आई नीट दिसेल ना?"

तेवढ्यात बगळेसर मान लांब करून आत घुसले. "पाच बटणांत काय डोंबल होणार? नवशिक्यांचं खेळणं ते!" असं म्हणत ते फोटोची प्रत घेऊन गेलेसुद्धा.

संध्याकाळी त्यांनी फोटो आणला. रंग गोरापान, शिंगं सरळ, फाटका कान सांधलेला.

रेडकू बघतच राहिलं. "ही कोण?"

"अरे, तुझी आई! किती उजळली बघ."

"माझी आई काळी होती," म्हणत ते रडायलाच लागलं.

साळुंकीने आपला फोटो पुढे केला. तिने फक्त उजेड वाढवला होता आणि ओरखडे पुसले होते. रेडकाने त्यातल्या फाटक्या कानाला नाक लावलं आणि ते गप्प झालं.

"पण ही काळीच राहिली!" सर ओरडले.

"राहणारच, सर. म्हैस होती ती," साळुंकी ताठ मानेने म्हणाली. "तुम्ही कुठलंही बटण दाबा, बाहेर बगळाच येतो."