राणीच्या दोन हिरव्या बांगड्या

एकदा काय झालं, एका राज्यात सूर्य मावळेचना. तिथली रीतच तशी होती, बरं का. बाळराजे झोपले की मगच सूर्य डोंगराआड जायचा. आणि राणीच्या बांगड्या वाढल्या, तेव्हापासून बाळ काही झोपेना. फुटल्या नाही म्हणायचं बने, वाढल्या म्हणायचं. किती दिवस झाले? अगं, सूर्यच मावळला नाही तर दिवस एकच की! पण केवढा लांब! विहिरी आटायला लागल्या. गाई दूध देईनात. राणीचे डोळे तर सुजून गेले.

राणी म्हणाली, "मला बांगड्या आणा." मग राजाने दवंडी पिटली.

पहिला कासार आला शंभर गाड्या घेऊन. "स्वस्त आहेत, हव्या तेवढ्या घ्या!" पण सगळ्या एकाच मापाच्या. राणीच्या हातातून निसटून पडल्या.

मग दुसरा आला. त्याने जन्मभर खपून एकच बांगडी केली होती, लाखेची, आरशांची. राजा बघतच राहिला. पण लाख कधी वाजते का? बाळ टक्क जागं.

मग आला तिसरा. माल हलका नि तोंड मोठं. गोड बोलून बोलून त्याने राणीचे हात कोपरापर्यंत भरले. असा खळखळाट झाला की बाळाने भोकाडच पसरलं. मेल्याला एवढंही कळू नये!

शेवटी म्हातारी भागू कासारीण आली. तिने टोपली उघडलीच नाही. राणीचा हात हातात घेतला आणि विचारलं, "बाई, कशाला हव्यात गं बांगड्या?"

हे कुणी विचारलंच नव्हतं. राणीला रडूच कोसळलं. "मावशी, थोपटताना वाजायच्या. त्या आवाजावर झोपायचा तो."

"कशा वाजायच्या?"

"किणकिण... किणकिण..." राणी हळूच म्हणाली.

मग भागूने एकेक बांगडी कानाशी वाजवून पाहिली. दोन निवडल्या, हिरव्या, बारीक, साध्या. राणीचा हात चेपून चेपून अलगद चढवल्या.

राणीने थोपटलं. किणकिण. बाळाने जांभई दिली. मग सूर्यानेही दिली.

राजा आनंदाने ओरडला, "आणखी शंभर चढव!"

भागूने डोळे वटारले. "हळू बोला! दोनच पुरे. जास्त झाल्या तर उठेल लेकरू."

मग बाळ झोपलं, सूर्य गेला, राजा सिंहासनावरच घोरायला लागला. सगळं राज्य सुखाने झोपलं. जागी कोण, तर एकटी तू! ये जवळ. तुला कुठं थोपटू गं, पाठीवर की कपाळावर?

पाठीवर? बरं. मीट डोळे.