पाद्लूच्या झोपेची टेकडी

उत्तरेला झाडं संपतात, त्याच्याही खूप पुढे एक मोठं राखीव रान आहे. तिथे रस्ता नाही, पायवाट नाही, दिशा दाखवणारी पाटीसुद्धा नाही. छोटं विमान नदीकाठच्या गोट्यांवर माणसं उतरवतं आणि निघून जातं. त्या नदीच्या एका वळणावर बुटकी टेकडी आहे आणि तिच्या माथ्यावर एक दगड. गुडघ्यांत डोकं घालून बसलेल्या बाईसारखा.

त्या रानात वारा थांबतच नाही. बोलताना शब्द तोंडातून निघाला की तो उडवून नेतो. पण त्या दगडाजवळ, चटई अंथरावी एवढ्या जागेत, वारा नाही. पाच पावलांवरचं गवत आडवं झोपलेलं असतं आणि इथलं गवत सरळ उभं. भर हिवाळ्यात सगळी दरी बर्फाच्या धुरळ्यात बुडते, तेव्हाही एवढी जागा शांत असते म्हणे.

आम्ही चौघं तिथे पोचलो तेव्हा आमच्यातल्या मृण्मयीने लगेच उलगडा करून टाकला. "दगडाचा आडोसा आहे, दुसरं काय!"

आम्हाला घेऊन आलेले मालिकी आजोबा सत्तरीचे. त्यांचा जन्म त्याच दरीतला. ते म्हणाले, "आडोसा एका बाजूला असतो, पोरी. फिरून बघ."

ती दगडाभोवती पूर्ण फिरली. चारही बाजूंना वारा नव्हता. मग ती खाली बसली, आणि आम्हीही बसलो. पायांत तेवढाच जीव उरला होता.

मालिकी आजोबा म्हणाले, आधी इथलं वर्ष समजून घ्या. त्याशिवाय ही बाई का दमली ते कळायचं नाही.

आणि त्यांनी वर्ष सांगितलं. नोव्हेंबर सरत आला की सूर्य डोंगराआड जातो तो जानेवारी निम्मा होईपर्यंत वर येत नाही. दुपारी थोडा निळा उजेड होतो, बस. थंडी उणे चाळीसपर्यंत जाते. थुंकी जमिनीवर पडण्याआधी कडक होते. फेब्रुवारीत सूर्य येतो, पण त्याला ऊब नसते, आणि वारा सगळ्यात वाईट असतो तो तेव्हाच. एप्रिल-मे म्हणजे नुसता उजेड. झोपायलाही अंधार नाही, आणि जमिनीवर बर्फ तसाच. जूनमध्ये नदी फुटते. जुलैत सहा आठवड्यांचा उन्हाळा येतो. फुलं, डास आणि अधूनमधून बर्फसुद्धा. ऑगस्ट संपता संपता रान लाल होतं, एका पहाटे सगळं पांढरं होतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. एवढा बर्फ असून आभाळातून पडतं फार थोडं. वाळवंटात पडावं तेवढंच. जे पडतं ते जात नाही, एवढंच.

"अशा ठिकाणी रोज सकाळी कोणीतरी बाहेर जाऊन आभाळ बघावंच लागतं," ते म्हणाले. "चुकलं तर माणूस जातो."

पुढची गोष्ट त्यांनी आम्हाला सांगितली ती अशी.

फार पूर्वी या वळणावर तीस माणसांचा तळ असे. आभाळ बघण्याचं काम एकाच माणसाचं, आणि ते मरेपर्यंत. तेव्हा ते काम पाद्लू नावाच्या विधवेकडे होतं. उठायचं, कातड्याच्या तंबूबाहेर जायचं, वारा कुठून येतो, डोंगराच्या कडेला ढगाची कोर आहे का, बर्फावरचा उजेड पिवळा की निळा, हे सगळं बघायचं आणि आत येऊन तळाला सांगायचं. मग बाकीचे उठणार. पाद्लूने हे चाळीस वर्षं केलं. ताप असताना केलं. नवरा गेला त्या सकाळीसुद्धा केलं, असं सांगतात.

शेवटी एकदा तिने तळाचा म्होरक्या कोपाक याला सांगितलं. तो तिच्या भावाचा मुलगा. "माझ्याच्याने आता होत नाही. गुडघे वाजतात. कुणाला तरी माझ्याबरोबर पाठव, मी शिकवते."

कोपाक हसून म्हणाला, "आत्या, तुमचे गुडघे वाजतात म्हणून तर आम्हाला हवा कळते! ते थांबले तर आमचं काय होईल?"

सगळे हसले. मग सगळ्यांनी तिच्या नजरेचं कौतुक केलं. असे डोळे दुसऱ्या कुणाला आहेत का, आत्यांसारख्या आत्याच. एवढं कौतुक झाल्यावर तिला पुढे काही बोलता येईना. गोड बोलून एकाच माणसाला राबवायचं आणि आपण पांघरुणात पडून राहायचं, ही रीत सगळ्या मुलखांत सारखीच जुनी असावी.

त्या वर्षीचा मे महिना उपासमारीचा होता. हिवाळ्याचं मांस संपलं होतं. रेनडिअरचा कळप उत्तरेकडे निघालेला, नदीच्या पलीकडच्या काठाने. नदी अजून गोठलेली होती. ती ओलांडून जायचं ठरलं.

त्या सकाळी पाद्लूला जाग आली, पण तिचं अंग उठलं नाही. तिने कान दिला. वाऱ्याचा आवाज कालच्यासारखाच वाटला. आदले अकरा दिवस हवा एकसारखी होती. तिने डोळे मिटले आणि पडल्या पडल्या हाक दिली, "कालसारखंच!"

चाळीस वर्षांत एकदा.

तळ उठला. पाद्लू सोडून सगळी माणसं बाहेर आली, घसरगाड्या बांधू लागली. आणि मालिकी आजोबा म्हणाले, गोष्टीतलं खरं नवल त्या दगडाचं नाही, ते हे आहे. सगळेच्या सगळे उघड्या आभाळाखाली उभे होते. वारा दक्षिणेचा झाला होता. ऊबदार होता, ओला होता. बर्फ घसरगाड्यांच्या खालच्या पट्ट्यांना चिकटत होता आणि लोक तो खरवडून टाकत होते. एकानेही मान वर केली नाही. ते त्यांचं काम नव्हतं.

पाद्लूची मुलगी नुतारा अंगाने सगळ्यांत हलकी. म्हणून नेहमीप्रमाणे तीच काठीने बर्फ ठोकत पुढे गेली. ती नदीच्या मध्यावर, गोट्यांच्या उंचवट्यापर्यंत पोचली आणि वरच्या अंगाने पाणी आलं. रात्रभर डोंगरावरचा बर्फ वितळत होता. ते पाणी गोठलेल्या नदीवरून, बर्फाच्या पाठीवरून, पसरत आलं. नुताराच्या पुढेही पाणी, मागेही पाणी. आणि पाण्याखालचा बर्फ किती उरला आहे ते कुणालाच दिसेना.

आरडाओरडा ऐकून पाद्लू अर्ध्या कपड्यांत बाहेर आली. तिने एकदाच आभाळाकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं.

लोक तिच्यावर तुटून पडले. "तुम्ही कालसारखंच म्हणालात!"

"म्हणाले," ती म्हणाली. "मी बाहेर गेले नाही. पडून म्हणाले." मग तिने एकेकाकडे बघितलं. "आणि तुमच्या गालांना वारा लागला नव्हता?"

कोपाक हळू आवाजात म्हणाला, "मी पट्ट्या तीनदा खरवडल्या."

पाद्लू या टेकडीवर चढली, कारण इथून नदीही दिसते आणि आभाळही. खाली पाण्यात अडकलेल्या पोरीला नदीवरच्या धुक्यामुळे आसपासचं काहीच दिसत नव्हतं. तिला दिसत होती ती फक्त टेकडीवरची आई. पाद्लूने दोन्ही हात आडवे पसरले. तिथेच थांब. हात वर केले की निघायचं, हे त्यांच्याकडे लहान मुलालाही माहीत असे.

ती तशी तीन दिवस उभी राहिली म्हणतात. अंधार नव्हताच, त्यामुळे एक दिवस कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हेही नीट सांगता येत नाही. ओला बर्फ पडला, धुकं दाटलं, मग धुकं फाटून पांढऱ्यावर पांढरं ऊन पडलं. त्या उन्हात बारीक फटीचा हाडाचा चष्मा लावल्याशिवाय बघायचं नसतं. घाईत तिचा चष्मा तंबूतच राहिला होता. दुसऱ्या दिवशी कोणीतरी तो आणून दिला, तोवर तिच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली होती.

कोपाक हाडांचं कढण घेऊन वर आला. "आत्या, जरा बसा. मी बघतो."

"तू काय बघणार! तुला कुठे बघता येतं?"

तो खाली मान घालून उभा राहिला. तेव्हा तीच म्हणाली, "बरं, बघ. काय दिसतं?"

"ढग."

"ढग तर आंधळ्यालाही सांगता येतात. कुठल्या अंगाला? तळ सपाट आहे की पिंजलेला?"

कोपाकने आयुष्यात पहिल्यांदा नीट वर बघितलं. मग दुसरी माणसं आली. एकेक जण येई, ती विचारी, तो सांगे, ती चुका काढी. तिचं चिडणं खाली तळापर्यंत ऐकू जात होतं, म्हणतात.

तिसऱ्या दिवशी तिला दिसेनासं झालं. हे तिने कुणाला सांगितलं नाही. एका म्हातारीला ते कळलं, कारण पाद्लू नदीकडे पाठ करून उभी होती. म्हातारीने तिला खांद्याला धरून फिरवलं आणि तिच्या शेजारी उभी राहिली. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "माझ्या नाकातले केस ताठ व्हायला लागलेत गं."

वारा उत्तरेचा झाला होता. थंडी परत आली होती, म्हणजे पाणी पुन्हा गोठणार होतं.

लोक ओरडायला लागले. आता बोलवा! पोरीने तीन दिवस काही खाल्लेलं नाही, ती खाली बसली आहे, बसली की माणूस उठत नाही! पाद्लूचे हात आडवेच राहिले.

"पाण्याचा रंग कोणता?" तिने विचारलं.

"राखाडी," कोपाक म्हणाला.

"नाही मग."

सूर्य क्षितिजाला घासून पुन्हा वर चढू लागला. "आता?"

"पांढरा."

"सगळीकडे?"

कोपाक थांबला. 'हो' म्हणणं सोपं होतं. समोर आतेबहीण मरत होती. पण त्याने पुन्हा बघितलं. "मधे एक पट्टा आहे. काळा."

"किती रुंद?"

"माणूस आडवा झोपेल एवढा."

"नाही."

नुतारा कुशीवर कलली होती. पाद्लूच्या गालांवरचं पाणी गोठून त्याचे पांढरे ओघळ झाले होते. तळाची उरलेली सगळी माणसं आता टेकडीवर होती आणि सगळीच्या सगळी नदीच्या त्या एका पट्ट्याकडे बघत होती. काळ्याचा करडा झाला. करड्याचा निळसर झाला. पहिल्यांदा कुणी सांगितलं ते माहीत नाही, कारण म्हणे सगळे एकदमच म्हणाले, "पांढरा."

पाद्लूने हात वर केले.

पण नुतारा हलली नाही. तेव्हा कोपाकनेही हात वर केले, मग म्हातारीने, मग सगळ्यांनी. टेकडीवर एवढे हात उभे राहिलेले तिने पाहिले आणि ती उठली. काठी टेकत, दर पावलाला बर्फ ठोकत ती निघाली. आईला दिसत नव्हतं म्हणून कोपाक सांगत राहिला. आता पट्ट्यापाशी आली. आता पट्ट्यावर. थांबली. बर्फ वाजला. चालली. आता अलीकडे. आता काठावर.

पाद्लूने हात खाली घेतले. ती जिथे उभी होती तिथेच बसली आणि गुडघ्यांत डोकं घातलं. "आता मी झोपते," ती म्हणाली. "उद्या दुसरं कोणीतरी उठा."

नुतारा टेकडी चढून आली तेव्हा आई झोपली होती. पोरीने तिला उठवलं नाही. तिच्या अंगावर कातडं घातलं आणि बाजूला बसली. वारा उत्तरेकडून सोसाट्याने येत होता. असं सांगतात की तो टेकडीच्या पायथ्याशी आला आणि दोन्ही अंगांनी वळून गेला. नदी फुटेपर्यंत लोक तिच्या उठण्याची वाट बघत राहिले. बर्फ वितळला तेव्हा तिथे हा दगड होता.

ती झोपली त्याच्या दुसऱ्या सकाळी सगळ्यांत आधी कोपाक बाहेर गेला. तो बराच वेळ आला नाही, म्हणून म्हातारी बघायला गेली. मग तिच्यामागून आणखी दोघं. त्या दिवशी आभाळ कसं होतं यावर तळात मोठं भांडण झालं म्हणतात; चार जणांनी चार गोष्टी सांगितल्या. मग उरलेलेही बघायला बाहेर आले. आत कुणीच राहिलं नाही.

मालिकी आजोबा उठले आणि गुडघे चोळू लागले. ते म्हणाले, आता रानाच्या चौकीत यंत्रं आहेत, ती वारा मोजतात, थंडी मोजतात. हवाही आता पूर्वीसारखी राहिली नाही. जानेवारीत पाऊस पडतो, नदी फुटायला मेपर्यंतही थांबत नाही. त्यांच्या आजीने शिकवलेली निम्मी लक्षणं खोटी ठरतात. तरी गावात रोज सकाळी कोणीतरी बाहेर जातंच, आणि एकच माणूस लागोपाठ दोन दिवस जात नाही. आजारी माणसाची पाळी शेजारी घेतो. पाहुणा आला तर पाहुण्यालाही पाळी लागते. त्याला काही कळत नसलं तरी चालतं, त्याने दिसेल ते सांगायचं.

आणि जुनी गोष्ट सांगितलेली चालते, पण या टेकडीवर आजच्या किंवा उद्याच्या हवेचा विषय काढायचा नाही. सगळं जगणं ज्यावर अवलंबून आहे, त्याबद्दल इथे एक अक्षर बोलायचं नाही. आता आभाळ कसं आहे हे इथे कुणी विचारलं की तिला उठावं लागेल, अशी समजूत आहे.

आजही ती समजूत पाळतात. आम्हीही पाळली. उतरताना पश्चिमेला काहीतरी भरून येत होतं, पाठीवर ओझं होतं, पुढचे सहा तास नदीकाठाने चालायचं होतं, आणि तरी चौघंही गप्प राहिलो. पायथ्याशी पोचल्यावर मात्र मला राहवेना. "आजोबा," मी विचारलं, "उद्या हवा कशी असेल?"

मालिकी आजोबा नुसते आमच्याकडे बघत उभे राहिले. मग आम्ही चौघांनी माना वर केल्या.