दोन गोण्यांची जागा

“पण मधून चालायला ह्याचं काय जातं?”

खांबेटे हे तिसऱ्यांदा विचारत होते. डावीकडे कातळ, उजवीकडे दरी, मध्ये बैलगाडी जाईल एवढी वाट. आणि त्यांचा घोडा भुरा अगदी दरीच्या ओठावरून चाललेला. खांबेट्यांचा उजवा पाय हवेत लोंबत होता. पायाखाली देवदारांचे शेंडे.

लगाम ओढला की भुरा चार पावलं आत येई. मग पुन्हा आपला काठाला.

“ऐकून न ऐकल्यासारखं करणारे कारकून पुष्कळ पाहिले,” खांबेटे म्हणाले. “घोडा पहिलाच.”

मागच्या घोडीवर माई जर्दाळू खात होत्या. त्यांनी बी दरीत टाकली.

माई म्हणजे कराडच्या शाळेतल्या निवृत्त बाई. त्यांच्या बोलण्याला लोक सत्संग म्हणत, त्या स्वतः गप्पा म्हणत. सत्तरी उलटल्यावर त्यांना घोड्यावर बसावंसं वाटलं, म्हणून मंडळींनी कुमाऊंच्या डोंगरी गावांमधून ही घोड्यांची सहल ठरवली.

खांबेटे मंत्रालयातून सहसचिव म्हणून निवृत्त झालेले. माईंच्या गप्पांना येत, तेव्हा बाकाच्या बरोब्बर मधोमध बसत. दोन्ही अंगांना एकेक माणसाची जागा मोकळी राही. एके काळी तिथे एकीकडे स्वीय सहायक असे, दुसरीकडे फायली. आता दोन्ही नव्हतं. जागा होती.

ते काही हवापालटाला आले नव्हते. त्यांना माईंचा अनुग्रह हवा होता. मागणी दोन वर्षं विचाराधीन होती, आणि विचाराधीन म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? निघताना माई एवढंच म्हणाल्या होत्या, “शेवटच्या गावात विचारा.”

शेवटचं गाव समोरच्या उतारावर दिसत होतं.

“साहेब, ह्यानं जन्मभर गोण्या वाहिल्या,” घोडेवाला हरकसिंग म्हणाला. “आतल्या बाजूनं गेलं की गोणी कातळाला घासते. म्हणून काठ धरतो.”

“गोणी कुठाय?”

“ती नाही आता. गावापर्यंत जीप यायला लागली. आता हा पाहुणे नेतो.”

“म्हणजे बढती झाली की! ह्याला कुणी कळवलेलं दिसत नाही.”

आपल्या विनोदावर खांबेटे हसले. माईही हसल्या. जरा जास्तच वेळ.

गावाच्या तोंडाशी वाट दोन दगडी भिंतींच्या मधून जात होती. पुढचे घोडे निघून गेले. भुरा थांबला.

खांबेट्यांनी टाच मारली. जीभ टाळूला लावून टकटक केलं. मग मराठीत सांगितलं, मग हिंदीत, शेवटी इंग्रजीत. भुरा उभाच. मागे गवताचा भारा घेतलेली एक बाई खोळंबली.

“आपण मावणार नाही असं वाटतंय त्याला,” हरकसिंग म्हणाला.

“अरे, दोन घोडे मावतील इथून!”

“ते तुम्हाला दिसतंय, साहेब.”

माई हरकसिंगच्या खांद्याचा आधार घेऊन खाली उतरल्या. सावकाश भुऱ्याजवळ आल्या. त्याच्या कुशीवर, जिथे पूर्वी गोणी लोंबत असेल तिथे, त्यांनी तळवा टेकवला आणि थोपटलं. मग वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेल्या. तिथेही थोपटलं.

“काही नाही रे बाबा… काही नाही.”

भुऱ्याचे कान हलले. त्यानं एक लांब श्वास सोडला, आणि भिंतींच्या मधून निघून गेला.

“कमाल आहे,” खांबेटे म्हणाले.

गावात दीवानसिंग नावाच्या म्हाताऱ्याच्या अंगणात चहा होता. त्यानं घरातलं एकुलतं बाक बाहेर आणून, पुसून खांबेट्यांपुढे ठेवलं. खांबेटे बसले. मधोमध.

म्हाताऱ्यानं चहा दिला, सोबत गुळाचा खडा दिला, आणि स्वतःचा पेला घेऊन तो स्वतःच्या अंगणात उभा राहिला. माई पायरीवर टेकल्या.

“साहेब आधी कुठे होते?” म्हाताऱ्यानं विचारलं.

उत्तर बराच वेळ चाललं. म्हाताऱ्याचा चहा उभ्यानंच संपला. पेले घेऊन तो आत गेला, तेव्हा खांबेट्यांनी घसा साफ केला.

“माई, शेवटचं गाव आलं.”

“आलं खरं.”

“माझं काय ठरलं?”

माई गुळाचा खडा चघळत राहिल्या.

“नाही म्हणायचं तर नाही म्हणा. पण कुठे कमी पडतो ते सांगा.” खांबेट्यांचा आवाज खाली आला. “निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, माई. सकाळी वेळेवर उठतो, दाढी करतो, कपडे करून बसतो… आणि मग…”

वाक्य अर्धंच राहिलं. एवढ्या नोकरीत त्यांनी अर्धं वाक्य कधी सोडलं नव्हतं.

म्हातारा दारात येऊन उभा राहिला होता.

माई उठल्या. खांबेट्यांसमोर येऊन वाकल्या. त्यांच्या उजव्या अंगाला, रिकाम्या बाकावर, तळवा टेकवून थोपटलं. मग डाव्या अंगाला.

“काही नाही रे बाबा… काही नाही.”